कॉलेजच्या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आईची इरकल साडी घ्यावी का? (बेळगाव)

वडगावची_कांडी

नमस्कार. मी बेळगावात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा मीडिया प्रॉडक्शनच्या पेपरला एक पूर्ण मासिक तयार करून छापून द्यायचंय. विषय आपापला निवडायचा होता, आमच्या गटाने फॅशन घेतला. आम्ही चौघी आहोत. दोघी मराठी, एक कन्नड घरातली, एक उर्दू. ए-फोर आकाराची २४ पानं. मार्क मुख्यतः मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचं पान आणि मधला दोन पानी लेख या तिन्हींना. सोबत अहवाल लिहायचा, त्यात वाचक कोण धरला, अक्षरं आणि रंग तेच का घेतले, कुठली मासिकं चाळली, सगळं सांगायचं. फोटो आमचेच हवेत, इंटरनेटवरून उचललेला एकही चालत नाही. हातात पाच आठवडे उरलेत.

पहिलं मुखपृष्ठ आम्ही गेल्या महिन्यात करून दाखवलं होतं. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या भिंतीपाशी मैत्रिणीला भाड्याचा गाऊन घालून उभं केलं, नाव इंग्रजी ठेवलं, बाजूला 'या उन्हाळ्यातले १० लूक' वगैरे ओळी टाकल्या. आम्हाला ते फार आवडलं होतं. सरांनी नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हा गाऊन बेळगावात कुठल्या दुकानात मिळतो, केवढ्याला मिळतो, आणि तो घालून ही मुलगी जाणार कुठे?" चौघींपैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही. सर रागावले नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचं घर वडगावात. बाबा यंत्रमागावर कामाला आहेत, आई घरी कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. आमच्या गल्लीत करंट गेला की पंख्याकडे बघावं लागत नाही, मागांचा आवाज थांबला की कळतंच. जन्मापासून मी ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), धोटा हे शब्द ऐकत आलेय, आणि मासिक करायला बसले तेव्हा त्यातलं एक सूतसुद्धा त्यात आलं नाही. हे मला फार लागलंय.

परवा एका लग्नासाठी आईने ट्रंक उघडली. तिची लग्नातली इरकल निघाली, आजीने दिलेली. चंद्रकळा रंग, लाल पदर वेगळा शिवून लावलेला आणि त्यावर पांढरी नक्षी. मी ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मुखपृष्ठ हेच, असं तिथेच ठरवलं.

मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे पारंपरिक दिनाचं पान होईल, फॅशन कशी म्हणायची?" त्यांचं सरसकट चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. कॉलेजात दरवर्षी त्या दिवशी सगळ्या नऊवारी नेसतात, नथ घालतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी साडी परत ट्रंकेत जाते. मला तसं पान नकोय. पण इरकल ही फॅशन का, हे अहवालात चार ओळींत मांडता येत नाहीये.

आणखी अडचणी आहेत. लॅबमधल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. चौघींचे मिळून ३,००० रुपये जमतात, त्यात किती प्रती निघतील? कन्नड मैत्रिणीला एक पान कन्नडमध्ये लिहायचंय, ते मराठी मासिकात बरं दिसेल का? आणि नाव तर अजून सुचलेलंच नाही. कुणी असं काही केलं असेल तर सांगा प्लीज.

निपाणी_नाका

मी सहा वर्षांपूर्वी असाच प्रोजेक्ट केला होता, आता कोल्हापुरात उपसंपादक म्हणून काम करतो. तुझ्या सरांनी तुला सगळ्यात मोलाचा प्रश्न फुकट दिलाय. कुठे मिळतं, केवढ्याला, आणि घालून जायचं कुठे, या तीन गोष्टींवर अख्खं मासिक उभं राहतं.

तुमच्या अहवालात वाचक म्हणून '१८ ते २५ वयोगटातील तरुणी' असं लिहिलेलं असणार. मीही तेच लिहिलं होतं. ते खोडून टाक आणि एकच मुलगी डोळ्यांसमोर आण. समजा ती उचगावची आहे, सकाळच्या बसने बेळगावात कॉलेजला येते, वर्षातून दोनदा मनासारखे कपडे घेते, एकदा दिवाळीला आणि एकदा घरातल्या लग्नाला. बाकी वर्षभर कुर्ता-लेगिंग. तिला ब्लाऊज शिवून घ्यायचा असतो आणि टेलरला गळा कसा सांगायचा ते कळत नसतं. ही मुलगी तुमच्या मासिकाचं कुठलं पान फाडून पर्समध्ये ठेवेल? ते पान आधी करा. मुखपृष्ठ त्याच्यातून निघेल.

रविवारी चौघी मिळून गणपत गल्लीत आणि खडेबाजारात जा. दुकानात शिरू नका, बाहेर उभ्या राहा. मुली काय घालून आल्यात आणि कुठल्या कपड्याला हात लावून पुढे जातात, ते वहीत टिपा. हात लावून सोडून दिलेला कपडा मला विकत घेतलेल्या कपड्यापेक्षा जास्त सांगतो. तुमच्या अहवालातला 'वाचक-अभ्यास' तिथे आहे.

आता इरकलचं. तुझ्या मैत्रिणींची शंका खरी आहे, पण ती साडीमुळे आलेली नाही, ती आपण साडीकडे बघतो कसं यातून आलीय. नथ, हिरव्या बांगड्या, मागे वाड्याचा दरवाजा घेतलास की झालाच पारंपरिक दिन. आणि साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून फोटो काढू नकोस, ते आता सगळेच करतात. त्याऐवजी आज इरकलचं खरोखर काय चाललंय ते शोध. खणाच्या कापडाचे कुर्ते, जाकिटं, पिशव्या, अगदी कानातलीसुद्धा झालीत. जुन्या इरकली कापून ड्रेस शिवतात. त्या कापाव्यात की नाही यावर घराघरांत वाद आहेत. हा वाद म्हणजेच फॅशन. कपडा कुणाचा, तो कसा घालायचा, हे ज्या घटकेला लोक नव्याने ठरवायला लागतात त्या घटकेला तो फॅशनचा विषय होतो. चार ओळी पाहिजे होत्यास ना, यातून तुझ्या शब्दांत काढ.

कुठली मासिकं चाळायची म्हणशील तर 'व्होग' बघच. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर रंगीत छायाचित्र यायला १९३२ साल उजाडलं. त्याआधीची मुखपृष्ठं चित्रांचीच. म्हणजे मुखपृष्ठाला मॉडेलचा चेहराच पाहिजे असा काही नियम नाही. आपल्याकडे 'फेमिना' १९५९ पासून आहे. पण माझी खरी विनंती अशी की 'स्त्री'चे जुने अंक मिळाले तर हातात घे. ते १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू झालं, आणि त्याच्या मागचं 'किर्लोस्कर' मासिक १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने कारखान्याचं पत्रक म्हणून निघालं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपलं सायकलचं दुकान १८८८ साली तुझ्याच गावात काढलं. किर्लोस्कर रोडवरून तू रोज जात असशील. नांगर आणि पंपांची खबर देणाऱ्या पत्रकातून मराठी बाईचं मासिक उभं राहू शकतं, तर मागाच्या गल्लीतून फॅशनचं का राहू नये? हे अहवालात लिही, उसनं वाटणार नाही.

छापखाना_शहापूर

बाळा, मी बावीस वर्षं डीटीपी आणि छपाईत आहे. आशय वरच्यांनी सांगितला, मी कागदाचं सांगतो.

२४ पानं ठरवलीत ते बरं केलंत. सेंटर पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात. २२ किंवा २६ केलीत तर कोरी पानं पडतील. मधला दोन पानी लेख १२ आणि १३ या पानांवरच ठेवा. तिथे एकच सलग कागद येतो, बाकी कुठेही ठेवलात तर डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्यावर, आणि फोटो मधोमध जुळत नाही. पिनेच्या जागी कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. आतला कागद १३० जीएसएम वजनाचा आर्ट पेपर पुरे, मुखपृष्ठाला २५० किंवा ३०० चा.

फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असा पाहिजे. ए-फोरच्या पूर्ण पानासाठी म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल. आजचा मोबाईल तेवढं देतो, पण पोरं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि तिथेच त्याचा जीव जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हमध्ये आणा. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड सोडा. कटिंगवाला केसभर सरकला तरी पांढरी कड दिसू नये म्हणून.

तुझ्या साडीबद्दल एक धोका सांगून ठेवतो. चंद्रकळा छापायला अवघड. स्क्रीनवर तुला प्रत्येक चुणी दिसेल, कागदावर सगळा काळा गोळा होईल. त्यासाठी फोटो भर उन्हात नको, फ्लॅश तर मुळीच नको. सकाळी दारातून आडवा येणारा उजेड घे, म्हणजे प्रत्येक निरीच्या कडेला प्रकाश लागतो आणि काळ्यातही घड्या वेगळ्या राहतात. आणि पदराचा लाल. मोबाईलवर पेटल्यासारखा दिसतो, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत (सायन, मॅजेंटा, यलो आणि 'के' म्हणजे काळा) आला की बसतो. आधीच सीएमवायके करून बघ आणि मुखपृष्ठाची एक प्रत काढून ती साडीशेजारी धरून बघ. स्क्रीनशी तुलना करू नकोस.

जोडाक्षरं फुटतात त्याचं कारण बहुतेक कंपोझर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली अक्षरं जुळवणारी सोय. इनडिझाइन असेल तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवड, वेलांट्या जागेवर येतील. स्क्रायबस फुकट आहे, त्याच्या नव्या आवृत्तीत देवनागरी नीट बसते. फाँट युनिकोडच घे. आमच्याकडे अजून श्रीलिपीवर काम चालतं, पण तुमच्या चौघींच्या चार कॉम्प्युटरांवर ते जुळणार नाही. मजकुराला मुक्त चांगला, लेखाला थोडा पुस्तकी चेहरा पाहिजे असेल तर तिरो देवनागरी मराठी. फाँट निवडताना ल आणि श बघ. पुष्कळ देवनागरी फाँटांत ते हिंदी वळणाचे असतात, आणि मराठी वाचणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही पण खटकतं. ऱ्य, ऱ्ह सुद्धा टाकून बघ, 'तऱ्हा' नीट आलं की फाँट घे.

ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव. आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही असतात, साडेदहा पॉइंटच्या अक्षराला १५ चं अंतर दिलंस तर पान श्वास घेतं. मजकुराचा काळा फक्त 'के' १०० ठेव, चार रंगांचा काळा केलास तर रंग किंचित सरकतो आणि बारीक काना-मात्रा दुहेरी दिसतात. फोटोवर पांढरी अक्षरं टाकायची तर जाड वजनाची. बारीक घेतलीस तर शाई अनुस्वार गिळते.

मासिकाच्या नावाबद्दलही तेच. इंग्रजी मासिकात मॉडेलचं डोकं नावावर चढवतात, कारण अक्षराचा वरचा भाग दिसला तरी इंग्रजी वाचता येतं. आपली शिरोरेघ सगळ्या अक्षरांना सारखीच, ओळख पटते ती खालच्या अंगावरून. डोक्याने अक्षराचं पोट झाकलंस तर नाव गेलं. नाव मोकळं ठेव.

३,००० रुपयांत ऑफसेटच्या मागे लागू नका. चार रंगांच्या प्लेटांचा खर्च शेकड्यांनी प्रती काढल्या तरच परवडतो. डिजिटलवर थोड्या प्रती काढा. कन्नड पान जरूर घ्या. बेळगावच्या छापखान्यात दोन्ही लिप्या एकाच टेबलावर चालत आल्यात. मात्र तिचा मजकूर तिलाच तपासायला लाव. मराठी येणाऱ्या माणसाने कन्नडचं प्रूफ बघितलं की काय होतं ते मी भोगलंय, एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव चुकलं आणि आख्खा गठ्ठा मला पदरचे पैसे घालून पुन्हा छापून द्यावा लागला.

खानापूरची_शिवणताई

अगं बाई, आधी एक दुरुस्ती. इरकलचा पदर शिवून लावलेला नसतो. हे मासिकात तसंच छापलंस तर विणणारी माणसं वाचून हळहळतील.

आईची साडी उलटी करून पदर जिथे सुरू होतो तिथे बोट फिरव. बारीक गाठींसारखी ओळ लागेल. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, आणि हे दोन्ही ताणे मागावर एकेक धागा एकमेकांत फास घालून जोडलेले असतात. त्याला तोप-तेनी म्हणतात. म्हणून खऱ्या इरकलला प्रत्येक साडीचा ताणा वेगळा लावावा लागतो, थानासारखं सलग विणून कापता येत नाही. तेनी पदरात लाल रेशमाचे तीन पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये दोन पांढऱ्या नक्षीचे. तुझ्या आईचा तसाच असेल तर मोजून बघ. हे विणकाम मूळचं बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं, खण गुळेदगुड्डचा. दोन्ही आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले, आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

अंगावर भरतकाम आहे का तेही बघ. असेल तर ती कसुती, धारवाडकडची. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथे असे चार टाके. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात, गाठ कुठे सापडत नाही. नेगी विणल्यासारखी दिसते, आणि मेंथे म्हणजे मेथी, फुलीचा टाका. कापडावर काही आखून घेत नाहीत, धागे मोजून भरतात. गोपूर, रथ, तुळशी वृंदावन, हत्ती. मधल्या दोन पानांवर पदराची सुलट बाजू एकीकडे आणि उलट बाजू दुसरीकडे मोठी करून छापलीस तर त्याच्यासारखं पान नाही. उलट बाजू कुणी दाखवतच नाही, आणि आम्ही शिवणाऱ्या बायका आधी तीच बघतो.

वर त्या दादांनी इरकल कापण्याचं काढलंय. माझ्याकडे महिन्याला एकदोघी येतात, आजीची साडी घेऊन, ड्रेस शिवून द्या म्हणतात. पूर्वी मी परत पाठवायची. आता आधी साडी उन्हाकडे धरते. अंग विरलेलं असेल आणि पदर धड असेल तर शिवते, कारण ट्रंकेत घडीवर घडी राहून ती घडीलाच फाटणार असते. अंग धड असेल तर मात्र कात्री लावत नाही, नेसायला शिकवून पाठवते. हे माझं मत आहे, सगळ्या शिवणाऱ्यांना पटेल असं नाही. पण उचगावच्या त्या मुलीला हे पान उपयोगी पडेल, म्हणून सांगते. साडी उन्हाकडे कशी धरायची, विरलेली जागा कशी ओळखायची, त्याचे फोटो घ्या.

शेवटचं म्हणजे आईची साडी दुसरीला नेसवणार असाल तर आईच्याच हाताने नेसवा. तिचा मान आहे तो. आमच्यात नवी साडी आणली की आधी बहिणीला नाहीतर मैत्रिणीला देतात, तूच घडी मोड म्हणून. जुन्या साडीचीही पुन्हा घडी मोडता येते.

अथणीकर

सगळे साडीबद्दल बोलायलेत, पायाचंही बघा की. आमच्या घरी चपलांचं काम आहे. कोल्हापुरी म्हणतात म्हणून लोकांना वाटतं कोल्हापुरातच होतात. २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या शोमध्ये असल्याच चपला दिसल्या तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी मोबाईल फिरत होता. माझी आई वेणी घालते, पट्ट्यावरची. तिने व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला आणि म्हणाली, "कान कुठं आहेत?" कान म्हणजे चपलेच्या दोन्ही बाजूंना असणारे चामड्याचे छोटे पंख.

फोटो काढायला येणारे आमच्याकडे पुरुषांचे हात घेतात, हातोडी आणि चामडं. वेणी घालणाऱ्या बायका आतल्या खोलीत बसतात, तिथवर कुणी येत नाही. तुम्ही मुली आहात, तुम्हाला येता येईल. येणार असाल तर सांगा, अथणीच्या स्टँडवर न्यायला येतो. आणि चपलेची किंमत छापणार असाल तर घरात आम्हाला काय मिळतं तेही शेजारी छापा, एवढीच विनंती.

वडगावची_कांडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस इथे लिहायला जमलं नाही कारण तुम्ही सांगितलेलंच करत होतो.

रविवारी गणपत गल्लीत उभ्या राहिलो. निपाणीच्या दादांनी सांगितलेली वही भरली. सगळ्यात जास्त हात कशाला लागला सांगू? खणाच्या कापडाच्या तयार ब्लाऊजना. हात लावायचा, किंमत विचारायची, आणि 'मापात बसणार नाही' म्हणून पुढे जायचं. एक मुलगी तर दोनदा परत आली. तिच्याशी बोललो, ती येळ्ळूरची निघाली. तिला ब्लाऊज घ्यायचा होता, पण त्याच्यावर नेसायला साधी सुती साडी कुठली, हे तिला कुणी सांगणारं नव्हतं. आमची वाचक तीच धरली. तिच्यासाठी दोन पानं केलीत, खणाचा पीस किती घ्यायचा, टेलरला गळा आणि बाही कुठल्या शब्दांत सांगायची, मुंढा घट्ट होऊ नये म्हणून काय सांगायचं. ताई, त्या पानासाठी तुमच्याकडे एकदा खानापूरला यायचंय, येऊ का?

घरी येऊन साडी उलटी केली. गाठींची ओळ लागली! आईलाही माहीत नव्हतं. तिने बाबांना हाक मारली, बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या मागावर होत नाही." आयुष्यभर मागावर काम केलेल्या माणसाने असं म्हणणं मी पहिल्यांदाच ऐकलं. तेच वाक्य मधल्या लेखाचं शीर्षक केलंय. १२ आणि १३ वर उलट बाजू आणि सुलट बाजू, ताईंनी सांगितली तशी. पट्टे मोजले, लाल तीनच आहेत, मध्ये पांढरे दोन.

मुखपृष्ठाचा फोटो गुरुवारी काढला, सकाळी साडेसातला, मागाच्या शेडच्या दारात. साडी आमच्या कन्नड मैत्रिणीला नेसवली. आईने नेसवली. नथ नाही, बांगड्या तिच्या रोजच्याच, केस तिचे असतात तसे. शेडमध्ये माग चालू होते म्हणून आई मोठ्याने कन्नडमध्ये तिला सांगत होती, खांदा सैल सोड, निऱ्या धरू नकोस, चाल. ती दोन पावलं चालली आणि तो फोटो आला. काका, तुम्ही सांगितलं तसा उजेड डावीकडून आडवा आहे, प्रत्येक निरी वेगळी दिसते. प्रत काढून साडीशेजारी धरली, लाल अजून थोडा मंद आहे.

पारंपरिक दिन म्हणणारी मैत्रीण फोटो बघून गप्प राहिली आणि मग म्हणाली की अनुक्रमणिकेचं पान मी करते. तिने पानभर कांड्यांचा फोटो घेतलाय, आईने भरून ठेवलेल्या, आणि प्रत्येक रंगाच्या कांडीपुढे एक लेख. उर्दू घरातली मैत्रीण दरबार गल्लीत जाऊन दुपट्ट्याला हाताने किनार लावणाऱ्या बाईंशी बोलून आलीय. कन्नड पान तयार आहे, तिच्या आजीने तपासलंय. अथणीला पुढच्या आठवड्यात येतोय दादा, आतल्या खोलीतच बसू. दोन्ही किमती शेजारी छापणार.

आणि नाव मिळालं. ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतून घेतलंय. मासिकाचं नाव 'घडीमोड'. शिरोरेघ मोकळी ठेवलीय, मैत्रिणीचं डोकं ड च्या खूप खाली आहे.

एक विचारायचं राहिलं. श्रेयनामावलीत फोटो, लेख, मांडणी यांच्यापुढे आमची नावं आलीत. आईचं नाव कशापुढे लिहू? 'वेशभूषा' लिहिलं तर ती म्हणते, मी काय केलंय, माझी साडी फक्त दिली.

खानापूरची_शिवणताई

ये की गं, शनिवारी सोडून कधीही ये, शनिवारी गिऱ्हाईक असतं. येताना तुझा स्वतःचा एक नीट बसणारा ब्लाऊज आण, त्याच्यावरून माप कसं घ्यायचं ते दाखवते. आईचं नाव 'साडी आणि नेसवण' असं लिही. नेसवणं हे काम आहे, लग्नाच्या घरात त्याचे पैसे देतात लोक.

छापखाना_शहापूर

लाल मंद आहे म्हणालीस, त्यात मॅजेंटा आणि यलो दोन्ही शंभराजवळ ने आणि सायन पूर्ण काढ, लगेच उठेल. जास्त काही करू नकोस, नाहीतर मैत्रिणीचा चेहराही लाल होईल. फक्त पदर निवडून कर. पीडीएफ घेऊन सोमवारी सकाळी दहाच्या आत ये, तेव्हा मशीन गार असतं आणि मलाही वेळ असतो. साडीसुद्धा आण. शेजारी धरून बघू.